नदीला मिळालेलं

‘झालं गेलं गंगेला मिळालं’ असं आपण म्हणतो, तेव्हा वाहतं पाणी सगळं पोटात घेईल असा विश्वास त्यामागे असतो. २४ मार्च १९७६ रोजी अर्जेंटिनाची सत्ता बळकावणाऱ्या लष्करशहांनी याच विश्वासाने गुंगीची इंजेक्शनं दिलेली जिवंत माणसं विमानातून रिओ दे ला प्लाता नदीत आणि समुद्रात फेकली. बेपत्ता मुलांसाठी प्लासा दे मायो चौकात जमणाऱ्या आयांना एकत्र आणणारी असुसेना विय्याफ्लोर डिसेंबर १९७७ मध्ये अशीच मारली गेली. पण तिचं प्रेत किनाऱ्याला लागलं, बेवारस म्हणून पुरलं गेलं आणि २००५ मध्ये त्या हाडांची ओळख पटली.

‘लोकांनाच आता हे नको आहे’ हा गुन्हे झाकू पाहणाऱ्यांचा नेहमीचा आधार. पण लोकांचं मन हे काही हवामान नव्हे. समोर काय शक्य दिसतं यावर ते घडतं. १९८५ मध्ये लष्करशहांवर खुला खटला चालला, त्यांतल्या विदेला आणि मासेरा यांना जन्मठेप झाली. पुढे खटले रोखणारे दोन कायदे आले आणि राष्ट्राध्यक्ष मेनेम यांनी सलोख्याच्या नावाखाली माफी दिली. खटले चालवले तर लष्कर लोकशाहीच उलथवेल, ही भीती खोटी नव्हती. १९८७ च्या ईस्टरमध्ये लष्करात बंड झालंच होतं. पण माफीनेही शांतता विकत मिळाली नाही. १९८९ मध्ये माफी मिळालेल्या सेनेल्दिन या बंडखोर लष्करी अधिकाऱ्यानेच डिसेंबर १९९० च्या बंडाचं नेतृत्व केलं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: डाव्या गनिमांनीही माणसं मारली, मग हिशेब एकाच बाजूचा का? ते खून खूनच होते. मात्र त्यांना पकडायला, शिक्षा द्यायला सरकारजवळ पोलीस होते, न्यायालयं होती. ती सोडून सरकारने गुप्त छळछावण्या उघडल्या, गनिमांशी संबंध नसलेल्यांनाही उचललं. त्या कैद्यांना वकील मिळाला नाही, विदेलाला मिळाला. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे.

२००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटले रोखणारे ते दोन कायदे रद्दबातल ठरवले. साक्षी पुन्हा उघड्यावर झाल्या, हजाराहून अधिक जण दोषी ठरले. मे २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने अशा एका कैद्याला शिक्षेत सवलत दिली, तेव्हा ‘कंटाळलेली’ जनता त्या आयांची खूण असलेले पांढरे रुमाल उंचावत रस्त्यावर उतरली आणि निकालानंतर आठवड्याभरातच संसदेने ही वाट बंद करणारा कायदा केला. चाळीस वर्षांनी हा संताप उगवला, कारण मधल्या काळात लोकांनी साक्षी ऐकल्या होत्या, निकाल लागताना पाहिले होते.

त्या छळछावण्यांत कैदेत जन्मलेली बाळं चोरून दुसऱ्यांच्या घरी दिली गेली होती. हा गुन्हा खटले रोखणाऱ्या कायद्यांच्या कक्षेबाहेर होता. त्याच आधारावर विदेलाला १९९८ मध्ये पुन्हा अटक झाली. जुलै २०२५ मध्ये या बाळांना शोधणाऱ्या आज्यांच्या संघटनेने १४० वं नातवंड सापडल्याचं जाहीर केलं. न सापडलेली नातवंडं आज पन्नाशीच्या आसपास असतील, आणि आपलं खरं नाव त्यांना ठाऊक नाही.