मागची गाडी

रत्नागिरीत मोटरसायकलवाल्यांचे एक मंडळ होते. कोणी बँकेत कारकून, कोणी आंब्याचा बागायतदार, एक शाळेतल्या बाई आणि एक वयस्कर मिस्त्री. मिस्त्रींना सगळे अण्णा म्हणत. पावसाळा सरून रस्ते सुकले, की मंडळी एखादा रविवार धरून किनाऱ्याने निघत आणि रात्री घरी परतत.

मंडळाचा नियम एकच होता. प्रत्येकाने आरशात आपल्या मागच्या गाडीवर लक्ष ठेवायचे. दोन वळणे झाली तरी ती दिसली नाही, तर थांबायचे. मग त्याच्या पुढचाही थांबतो, त्याच्याही पुढचा थांबतो आणि शेवटच्या गाडीचा निरोप पहिलीपर्यंत पोचतो. कोकणातल्या वळणांच्या आणि चढउतारांच्या रस्त्याला याहून चांगला उपाय नाही.

त्या रविवारी बारा गाड्या निघाल्या. पुढची जागा एका तरुणाला मिळाली होती. त्याची गाडी नवी, मागे पत्र्याची पेटी बसवलेली. म्हणून केबली, ट्यूब, पान्हे अशी मंडळाची सामाईक पिशवी सकाळी त्याच्या पेटीत गेली. अण्णा आपल्या जुन्या बुलेटवर नेहमीप्रमाणे सर्वांत शेवटी होते.

आरे-वारेचा चढ आला तेव्हा डाव्या हाताला दोन्ही पुळणी एकदम दिसल्या. मंडळी तिथे जरा रेंगाळली. गणपतीपुळ्याला दर्शन झाले, मिसळ झाली. मालगुंडला बाईंनी सगळ्यांना केशवसुतांच्या स्मारकापाशी थांबवले. १८६६ साली कवी जन्मले ते हे गाव, ते न बघता पुढे जायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. तरुणाचे लक्ष मात्र घड्याळाकडे होते. जयगडहून फेरीबोटीने पलीकडे तवसाळला उतरायचे, हेदवीला दशभुज गणपती करून एक वाजता गुहागरला जेवायचे. बारा ताटे त्यानेच सांगून ठेवली होती. फेरी चुकली तर पुढचीची वाट बघत बसावे लागणार, नाहीतर भातगावच्या पुलावरून मोठा वळसा. त्याची घाई मंडळींसाठीच होती.

जयगडचा उतार लागला आणि खाली जेट्टीवर फेरी उभी दिसली. गाड्या चढत होत्या. त्याने आरशात पाहिले. मागे तांबड्या धुळीचा रिकामा रस्ता होता. येतील, असे तो मनाशी म्हणाला. पुढे जाऊन जेवणाचे तरी बघू. तो उतरला आणि फेरीवर चढला.

तवसाळला उतरून तो एका झाडाखाली उभा राहिला. फोन लावला, कुणाचाच लागेना. पुढची फेरी आली. तिच्यातून एक टेम्पो उतरला, माशांच्या टोपल्या उतरल्या, दोन स्कुटरी उतरल्या. त्याच्या ओळखीचे कोणी नव्हते.

दोर बांधणाऱ्या खलाशाने विचारले, "दादा, एकटेच काय?"

"नाय, बारा जण आहोत. मी पुढे आहे."

खलाशाने रिकाम्या धक्क्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "कोणाच्या पुढे?" त्याने सरळ मनाने विचारले.

तरुणाला उत्तर सुचले नाही. त्याने गाडी वळवली आणि त्याच फेरीने तो परत निघाला.

इकडे सड्यावर अण्णांच्या क्लचची केबल तुटली होती. अशी केबल एकदम जात नाही. मुठीपाशी तिची एकेक तार आतल्या आत तुटत जाते, लिव्हर जरा खरखरते, आणि शेवटची तार गेली की लिव्हर हातात लुळी पडते. बाईंना आरशात अण्णा दिसेनात म्हणून त्या थांबल्या. पाठोपाठ सगळी रांग थांबली, मागे फिरली. नवी केबल होती, पण ती पेटीत, आणि पेटी खाडीपलीकडे.

क्लचविना गाडी चालवता येते, थांबवता येत नाही. थांबली की पुन्हा ढकलत पळवायची आणि चालत्या गाडीत पायाने गिअर घालायचा. अण्णांच्या गुडघ्यांना ते झेपण्यासारखे नव्हते. मंडळींनी एकदाच ढकलून त्यांना वाटेला लावले, आणि मग दोघे पुढे गेले. वाटेतल्या नाक्यावर एकाने हात करून एसटी थोपवली. दुसऱ्याने गुरे बाजूला हाकली. बाकीचे अण्णांच्या मागे, त्यांच्याच चालीने. अण्णांना जेट्टीपर्यंत कुठेही पाय टेकावा लागला नाही.

ते उतरून पोचले तेव्हा तरुणही फेरीतून बाहेर आला होता. कोणी काही बोलले नाही. त्याने पेटी उघडली, केबल काढली आणि बुलेटपाशी खाली बसला. अण्णा त्याच्या शेजारी उकिडवे बसले. "आधी तेल सोड तिच्यात," ते म्हणाले. "वरून धर, थेंब थेंब जाऊ दे." खालच्या टोकाला तेल दिसेपर्यंत दोघे तसेच बसून राहिले.

पुढे राहण्याचा मान ज्याला मिळतो, त्याच्या पेटीत सगळ्यांचे सामान असते. तो मागे न बघता निघून गेला, की मागच्यांची दुरुस्तीही त्याच्याबरोबर पलीकडच्या काठाला जाते.

गुहागरच्या खानावळीत पोचेपर्यंत तीन वाजून गेले. भात निवला होता, पण मावशींनी सोलकढी बाजूला काढून ठेवली होती. जेवणे झाल्यावर परतीला पुढे कोण, असे कोणीतरी विचारले. अण्णांनी तरुणाकडेच बोट केले. तो उठला, पेटीतली सामाईक पिशवी बाहेर काढली आणि गाडी सुरू करण्याआधी ती अण्णांच्या बुलेटला नीट बांधून आला.