पाण्याचे ऋण

परमुलखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या माणसाला घरच्या भाषेची आठवण होते, घरच्या भाकरीची होते. घरच्या पाण्याची मात्र सहसा होत नाही, कारण ते येथे मिळणे नाही असे आपण मनाशी धरूनच चाललेलो असतो. चेन्नईत ही समजूत खोटी ठरते. १९७६ साली महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तीन राज्यांनी आपल्या वाट्याच्या कृष्णाजलातून प्रत्येकी पाच अब्ज घनफूट पाणी (हिशेबी भाषेत पाच टीएमसी) मद्रास शहराच्या पिण्यासाठी द्यावयाचे मान्य केले. पंधरापैकी तीन वाटेत आटतील आणि बारा तमिळनाडूच्या सीमेवर पोचतील, असा अंदाज होता. १९८३ साली तेलुगू गंगा प्रकल्पाचा प्रारंभ झाला, आणि श्रीशैलम, सोमशिला, कंडलेरू असे मुक्काम करीत हे पाणी १९९६ मध्ये प्रथम पूंडीच्या जलाशयात उतरले. बहुतेक वर्षी बारापेक्षा पुष्कळच कमी येते, हा भाग वेगळा. तरीही महाबळेश्वरी उगवलेल्या नदीचा काही अंश आपल्या येथील नळातून येतो, हे खरेच.

२०१९ च्या जूनमध्ये पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे शहराचे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले. त्याच उन्हाळ्यात आमच्या माण तालुक्यातही गावोगाव टँकर चालू होते. थोरल्या बंधूंचा फोन आला असता ते म्हणाले, “किस्नंचं पाणी आपल्या शिवारात येईना, अन् तुझ्या मद्रासला बरं जातंय?”

माझ्यापाशी कारकुनी उत्तर तयार होते. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला कृष्णेचे ५६० अब्ज घनफूट पाणी दिले. त्यातले पाच म्हणजे शेकडा एकही नव्हे. वीज निर्माण करण्यासाठी कोयनेचे ६७.५ अब्ज घनफूट पाणी आपण दरवर्षी सह्याद्रीच्या पश्चिमेस सोडू शकतो, आणि ते अखेर अरबी समुद्रास मिळते. मद्रासला दिलेले पाच वाचविले असते तरी ते आपोआप माणच्या माळावर चढले नसते. त्यासाठी उपसा योजना लागतात, आणि जिहे-कठापूरसारख्या योजनेचे काम किती वर्षे रेंगाळले हे बंधूंना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. उत्तर बरोबर होते. परंतु ते त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. कोणाची तहान आधी, आणि ते कोणी ठरवायचे, एवढेच त्यांना विचारावयाचे होते.

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्राशन केले. पाण्यावरचा अधिकार तळ्याच्या काठी कोण राहतो यावरून ठरत नाही. तो माणूसपणाबरोबरच येतो, हे तेथे सिद्ध झाले. हे तत्त्व मानले म्हणजे नदीकाठच्यांनी दूरच्या शहराला “तुमचा येथे काय संबंध?” असे विचारता येत नाही. शहराची तहान हीही तहानच आहे. तथापि तेच तत्त्व दुसऱ्या बाजूनेही लागू पडते. कंडलेरूपासून तमिळनाडूच्या सीमेपर्यंत कालवा सुमारे दीडशे किलोमीटर शेतांच्या कडेने जातो. आपले पीक डोळ्यांदेखत वाळत असता जो शेतकरी रात्री त्यात पंपाची नळी सोडतो, त्याला आपण चोर म्हणतो. कायद्याने तो चोर आहेच. पण शेतीपेक्षा पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम, हा ज्या नियमाचा आपण आधार घेतो, त्यातील ‘पिणे’ या शब्दात आपण काय काय कोंबले आहे? माणूस दिवसाला तीन-चार लिटर पाणी पितो. उरलेल्यात आपली न्हाणीघरे आहेत, धुण्याची यंत्रे आहेत, मोटारी आणि हिरवळीही आहेत. सरकारी टिपणीत एकाच शीर्षाखाली अनेक खर्च घालण्याची कला मला परिचित आहे, म्हणून हे चटकन ओळखू येते.

याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पावसाची आहे. चेन्नईत वर्षाला सुमारे चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो, माणमध्ये पाचशेच्या आसपास. म्हणजे जेथे पाऊस तिपटीजवळ, तेथे आपण कोरड्या मुलखाच्या नदीचे पाणी मागून घेतो! हा पाऊस बहुतांशी ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत कोसळतो; म्हणूनच पूर्वजांनी या प्रदेशात ‘एरी’ म्हणजे तलाव बांधले, एकाचा सांडवा दुसऱ्यात जाईल अशा साखळीने. मांबळमचा लांबलचक तलाव १९२०च्या दशकात बुजवून त्यावर त्यागरायनगर वसले. नुंगमबाक्कममधील ‘लेक एरिया’त आज नाव आहे, तळे नाही. २०१५ च्या डिसेंबरात याच शहरात माणसे पुरात बुडाली आणि चार वर्षांनी जोलारपेट्टैहून पन्नास वाघिणींची गाडी पाणी घेऊन आली. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला अशीच गाडी गेली होती, तीही कृष्णेचेच पाणी घेऊन. एका गाडीत पंचवीस लाख लिटर. अवघे एक अब्ज घनफूट आणावयाचे तर अकरा हजारांवर खेपा लागतील.

कोणी म्हणेल, आता समुद्र आहे. मिंजूरला २०१० साली आणि नेम्मेलीला २०१३ साली खारे पाणी गोडे करण्याचे कारखाने सुरू झाले, २०२४ मध्ये नेम्मेलीस आणखी एक. त्यांना वीज फार लागते आणि उरलेले दाट खारे पाणी मासेमाराच्या समुद्रात जाते. तरी मी त्यांच्या विरुद्ध नाही.

प्रश्न ऋणाचा आहे, आणि हे ऋण सर्वांवर सारखे नाही. टँकरपुढे रंगीत प्लास्टिकच्या घागरींची रांग लावणाऱ्या बाईने कोणताही तलाव बुजविला नाही. बुजविलेल्या तलावांवर घरे मिळाली ती माझ्यासारख्यांना. २००३ साली पावसाचे पाणी जिरविण्याची सोय प्रत्येक इमारतीस सक्तीची झाली. आमच्या इमारतीतही ती आहे. तिच्या खड्ड्यात पालापाचोळा साचून तो बंद झाल्याचे मी दोन पावसाळे पाहिले, आणि बैठकीत विषय निघाला तेव्हा खर्चाच्या भीतीने गप्प बसलो. आपल्या गावच्या पाच अब्जांचा हिशेब मागणाऱ्याने हे लपवून चालणार नाही.

गेल्या पौषात बंधू येथे आले होते. स्वयंपाकघरात पाण्याचा पेला हाती घेऊन त्यांनी विचारले, “हेच का ते?” पुळलला कृष्णेचे पाणी पावसाच्या पाण्यात मिसळते, आणि पुढे शहरात वीराणम तलावाचे व समुद्राचे पाणी त्यास मिळते, आपल्या नळात कोणते किती, हे सांगता येत नाही, असे मी म्हणालो. त्यांनी पेला रिकामा केला आणि तळाशी उरलेले दोन घोट खिडकीतल्या तुळशीला घातले.