एकेरीचे व्याकरण आणि अवमानाचा हेतू

असहिष्णुतेविषयीचे मराठीतील विवेचन बहुधा तिच्या उद्रेकापासून सुरू होते. दंगल, बहिष्कार, हत्या ही तिची दृश्य रूपे; त्यांना तारीख असते, आरोपी असतो, निषेधाचे ठरावही असतात. ज्या तिरस्काराला तारीखच नसते तो मात्र चर्चेच्या परिघाबाहेर राहतो. फिलोमेना एसेड यांनी १९८४ साली डच भाषेत 'दैनंदिन वंशवाद' ही संकल्पना मांडली आणि १९९१च्या इंग्रजी ग्रंथात नेदरलँड्स व अमेरिका येथील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या अनुभवांवरून ती विकसित केली, ती या बिनतारखेच्या व्यवहाराचा शोध घेण्यासाठीच. अमेरिकेशी ताळा जुळवून पाहणे मराठीला नवे नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना. १९७२ साली दलित पँथरने तर नावच तेथून उचलले. परंतु ही तुलना संघर्षाच्या मोठ्या क्षणांपुरतीच राहिली. बोलण्याच्या पातळीवर ती क्वचितच उतरली.

कर्जत-मुरबाड रस्त्यावरील कशेळे हे आसपासच्या ठाकर आणि कातकरी वाड्यांचे बाजाराचे गाव. दुकानदार, एस.टी.चा कंडक्टर, वीटभट्टीची उचल देणारा मुकादम, कचेरीतला कारकून यांचा आणि वाडीवरच्या माणसाचा संबंध क्रियापदाच्या एका रूपातून ठरून जातो. पन्नाशीच्या शिक्षकाला 'या, बसा'. त्याच वयाच्या कातकऱ्याला 'काय रे, काय पायजे?' यात शिवी नाही, आवाज चढलेला नाही. विचारले तर बोलणारा प्रामाणिकपणे सांगेल की मनात काही नव्हते. एकेरी ही तर आपुलकीची, आईला आणि विठोबालाही आपण एकेरीतच हाक मारतो. हे उत्तर खोटे नाही, आणि म्हणूनच नैतिक प्रश्न अवघड होतो. ज्याच्या मनात अवमान नाही त्याच्या वाक्यात अवमान असू शकतो काय?

रॉजर ब्राऊन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपीय भाषांतील द्वितीय पुरुषी सर्वनामांचा विचार करताना सत्ता आणि ऐक्यभाव असे दोन अक्ष कल्पिले होते. त्यांच्या विवेचनातील निर्णायक कसोटी परस्परतेची आहे. 'तू' दोन्ही दिशांनी जाते की एकाच? वाडीवरचा म्हातारा आपल्या बोलीच्या रीतीने साहेबालाही 'तू' म्हणतो, तेव्हा कचेरी हसते. त्याच्या भोळेपणाचे किस्से होतात, आणि ते प्रेमानेच सांगितले जातात. साहेबाने त्याला म्हटलेल्या 'तू'चा किस्सा कोणी सांगत नाही. सर्वनाम एकच, परंतु एका दिशेने जाताना ते विनोद ठरते, दुसऱ्या दिशेने जाताना ऐकूही येत नाही. अर्थ येथे बोलणाऱ्याच्या मनात साठवलेला नसून टेबलाच्या दोन बाजूंनी तो घडवलेला आहे.

कायद्याला हे अंतर ओलांडता येत नाही. १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात हेतुपुरस्सर आणि लोकांच्या नजरेसमोर केलेला अपमान हा गुन्हा आहे. २०१५च्या दुरुस्तीने जातिवाचक शिवीगाळीचा स्वतंत्र उल्लेख केला. फौजदारी कायद्याने हेतू शोधावा हे योग्यच. परंतु कायद्याची ही मर्यादा नीतीचीही मर्यादा मानली गेली, म्हणजे 'माझा हेतू नव्हता' हे वाक्य दोषमुक्तीचा दाखला बनते. दुभंगलेल्या आजच्या अमेरिकेतही एक पक्ष हेतूवर बोट ठेवतो, दुसरा परिणामावर, आणि दोघेही बोलणाऱ्याच्या किंवा ऐकणाऱ्याच्या अंतःकरणातच न्यायालय भरवतात. परस्परतेचा साधा, बाहेरून तपासता येणारा प्रश्न तसाच पडून राहतो.

'कातकरी असला तरी प्रामाणिक आहे' हे वाक्य तर प्रशंसेचेच. त्यातील 'तरी' मात्र एका न उच्चारलेल्या नियमाची साक्ष देतो. कातकरी हे नाव मुळात धंद्याचे: खैराच्या लाकडापासून कात काढणारा. वसाहतकालीन वनकायद्यांनी जंगल राखीव केले, खैर दुरावला. गॅझेटिअरांनी जमातीवर चोरीचा ठपका नोंदवून ठेवला. धंदा गेला, नाव मागे राहिले, आणि त्या रिकाम्या नावात गावाने आपला संशय भरला. राज्यातील तीन आदिम जमातींपैकी ही एक. दिवाळीनंतर तिच्यातील कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. 'तरी' बोलणारा यातले काहीच मनात आणत नाही. मनात आणावे लागू नये, हीच रूढ वाक्यरचनेची सोय.

साहित्यसमीक्षेने या प्रश्नापासून अंग काढून घेण्याचे कारण नाही. तृतीय पुरुषी निवेदन करणाऱ्या मराठी लेखकाला प्रत्येक पात्राबाबत 'तो' की 'ते' हे ठरवावेच लागते. तटस्थ रूप भाषेत उपलब्धच नाही. गुरुजी 'आले' आणि कातकरी 'आला' हा भेद करुणेने ओथंबलेल्या कथांतही सहज वावरतो, आणि वास्तववादाची चिकित्सा करणारे त्याची दखल घेत नाहीत. चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबाराला बळी पडलेल्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी यांचे नाव आहे. जमातीचे नावच येथे आडनाव झाले आहे, आणि स्मृतिदिनी ते आदरार्थी बहुवचनात उच्चारले जाते. दोष 'कातकरी' या शब्दात नाही, हे यावरून दिसते. हयात कातकऱ्याला ते बहुवचन का मिळत नाही, एवढेच शिल्लक राहते.

अलाबामातील गॅड्सडेन येथे १९६३ साली मेरी हॅमिल्टन या कृष्णवर्णीय कार्यकर्तीने न्यायालयात सरकारी वकिलाच्या प्रश्नाला उत्तर देण्यास नकार दिला, कारण वकील तिला नुसते 'मेरी' म्हणत होता. श्वेतवर्णीय साक्षीदारांना मिळणारे 'मिस' हे उपपद तिला हवे होते. पाच दिवसांचा कारावास आणि पन्नास डॉलर दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली ती शिक्षा रद्द केली. या प्रसंगाचे मराठी भाषांतर करणाऱ्यापुढे मोठा पेच उभा राहील. इंग्रजीत सारा वाद एका उपपदाचा आहे. 'यू' दोघांनाही सारखेच. मराठीत मात्र वकिलाचा पहिलाच प्रश्न लिहिताना 'तुला' की 'तुम्हाला' हे ठरवावे लागेल, म्हणजे हॅमिल्टन यांनी तोंड उघडण्यापूर्वीच.