सुट्टे नाहीत

लोक पेमेंट अ‍ॅपकडे का वळले, याची उत्तरं आपल्याला तोंडपाठ आहेत. 8 नोव्हेंबर 2016च्या रात्री चलनातल्या एकूण मूल्याच्या सुमारे 86 टक्के नोटा बाद झाल्या. त्याच वर्षी यूपीआय आलं, डेटा स्वस्त झाला, कॅशबॅक मिळू लागला. जानेवारी 2020पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्कही राहिलं नाही. सगळं खरं. पण रोख नंतर परत आली. आज चलनात 2016पेक्षा कितीतरी जास्त रक्कम आहे. तरी चहाच्या दहा रुपयांसाठी आपण फोन काढतो.

मला वाटतं, याचं मोठं कारण सुट्टे. दुकानदार दोन रुपयांऐवजी चॉकलेट टेकवायचा. एसटीचा कंडक्टर उरलेले पैसे तिकिटामागे लिहून द्यायचा आणि उतरेपर्यंत आपला जीव त्या तिकिटात. 'सुट्टे नाहीत' म्हणणाऱ्यापुढे आपलं काही चालत नसे. अ‍ॅपने ती लाचारी संपवली, आणि ते चांगलंच झालं.

फक्त, सगळ्यांची संपली नाही. भाजीवालीच्या गल्ल्यात सुट्टे येतात कुठून? आधीच्या गिऱ्हाइकांनी दिलेल्या दहा-वीसच्या नोटांतून. मी, माझ्या मागचा, त्याच्या मागची, सगळ्यांनी स्कॅन केलं की गल्ला रिकामा. मग एखादी आजी एटीएममधून निघालेली पाचशेची नोट घेऊन येते आणि तिला उत्तर मिळतं, सुट्टे नाहीत, जीपे करा. (2025मध्ये रिझर्व्ह बँकेला एटीएममधून शंभर-दोनशेच्या नोटा मिळतील असं बघा, म्हणून बँकांना सांगावं लागलं.) माझ्या क्षेत्रात 'नेटवर्क इफेक्ट' कौतुकाने सांगतात: जितके जास्त लोक, तितकी सोय जास्त. बाहेर राहिलेल्याची गैरसोयही त्याच हिशोबाने वाढते, हे कुठल्या स्लाइडवर नसतं.

आता या आजीचं नुकसान कोणी केलं? भाजीवालीने नाही. मीही काही वावगं केलेलं नाही. प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणा निर्णय घेतला आणि त्यांच्या बेरजेत तिची नोट निकामी झाली.

'मग शिकावं तिने,' हे उत्तर मित्रांकडून हमखास येतं. साध्या फोनसाठीही 2022पासून यूपीआय आहे, हे वर ऐकवतात. दुकानात ते वापरताना मी तरी कुणाला पाहिलं नाही. शिवाय ती अडाणी आहे म्हणून घाबरते, असं आपण गृहीत धरतो. पिशवी मारली गेली तर पिशवीतले पैसे जातात. खात्याला जोडलेला फोन आणि पिन भलत्याच्या हाती लागला तर एका दिवसाच्या मर्यादेइतके जातात, आणि ती मर्यादा एक लाखाची असू शकते. आयुष्याची पुंजी एकाच खात्यात असलेल्या बाईने तो फोनला जोडायचा नाही असं ठरवलं, तर तिचा रिस्क अ‍ॅनालिसिस माझ्यापेक्षा पक्का आहे.

सरकारने रोखीचा हक्क जपावा वगैरे म्हणता येईल, म्हणायलाही हवं. पण रांगेत आजीच्या पुढे तर मीच उभा असतो. म्हणून हल्ली भाजीचे पैसे मी दहा-वीसच्या नोटांत देतो. यात थोडा भाबडेपणा आहे, कबूल. भाजीवालीला मात्र आवडतं. ती नोटा मोजून वेगळ्या ठेवते. अडचण एवढीच, की त्या नोटा आणायला बँकेत जावं लागतं आणि बँक माझ्या ऑफिसच्या वेळातच उघडी असते.