नित्यनेम कशासाठी?

सज्जनहो, पंगतीला बसलेल्या माणसास "जेवता कशाला?" असे कोणी विचारीत नाही. पण नेमाचे कारण मात्र पोरे विचारतात, आणि विचारावेच. "महाराज, जन्मभर कीर्तने केली, मग पहाटे पुन्हा एकटे बसता कशाला?"

अहो, कीर्तने केली म्हणूनच बसतो! मंडपात मृदंग असतो, टाळकरी पाठीशी उभे असतात. चाल रंगली की डोळे भरतात. ते पाणी पांडुरंगाचे की गर्दीचे, हे तेथे कळत नाही. पहाटे घोंगडीवर एकटा बसलो म्हणजे कळते. तेथे हार नाही, पाकीटही नाही. (पाकिटाचे नाव काढले की कित्येकांना राग येतो, येवो.)

ध्यान म्हटले की लोकांस नाक धरून बसणे आठवते. आपल्याकडे ध्यान म्हणजे ते रूपही आहे: विटेवरचे समचरण, कटेवर कर. पायांपासून मुखापर्यंत मन हळूहळू न्यावे. ते निसटते; कापसाच्या भावाकडे जाते, मुलाच्या नोकरीकडे जाते. पुन्हा पायांशी आणावे. पाठशाळेत पतंजलींची सूत्रे घोकली, त्यांत अभ्यास दृढ व्हायला तीन गोष्टी सांगितल्या आहेत: दीर्घकाळ, अखंडपणा आणि आदर. पहिल्या दोन हट्टानेही साधतात. तिसरी अवघड. घड्याळाकडे पाहत ओढलेली माळ एकशे आठ मण्यांची खरी, पण आदर त्यांत किती?

आता मुख्य कारण. इसवी सन २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. पऱ्हाटी डोक्याबरोबर वाढलेली, औषध तोंडावर उडे. अशाच एका घरी तेराव्याला मला बोलावले. तिथल्या बाईने विचारले, "महाराज, तुम्ही रोज एवढं नाम घेता, त्यानं माणूस वापस येते काय?"

मी म्हणालो, "नाही, माय."

कर्जाला, विषाला नाम हा उतारा नव्हे. त्याला सरकार हवे, डॉक्टर हवा, तोंडाला फडके हवे. मायेचा, प्रारब्धाचा सिद्धांत मला तोंडपाठ आहे. पण अशा दारात तो काढणे म्हणजे जखमेवर मीठ. तेथे गप्प बसता आले पाहिजे, आणि पळूनही जाता कामा नये. हे बसणे मला ग्रंथांनी शिकविले नाही. रोज पहाटे मन पळते, त्याला परत आणतो, त्या सवयीने शिकविले. म्हणून नेम सोडवत नाही.

त्या दिवशी निरूपण झालेच नाही. सांजेला त्यांच्याच ओसरीवर ज्ञानोबारायांच्या हरिपाठाचे सत्तावीस अभंग म्हटले. बाई भिंतीला टेकून ऐकत होती. मध्येच उठून आत गेली आणि तिने चूल पेटविली.