पाच पेले

मे महिन्यात सावंतवाडीला आत्याच्या पडवीत बसून मी मोबाइलवर टॅरोचा कॅट निवडत होते. तीन बाजूला काढले होते, घ्यायचा एकच. आत्याने पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. भविष्यावर तिचा काडीचा विश्वास नाही, चित्रांवर आहे.

"पानं किती?"

"78. पेले, तलवारी, नाणी आणि दांडे अशा चार रंगांची चौदा-चौदा. शिवाय 22 मोठी पानं. वेडा, सम्राज्ञी, मृत्यू, सूर्य…"

"म्हणजे हुकूम."

मी हसले, पण ती चुकली नव्हती. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ही पानं निघाली ती डाव खेळायलाच, आणि त्या 22 पैकी वेडा सोडून बाकीची 21 हुकमाचीच. फ्रान्समध्ये हा खेळ अजून रंगतो. 1781 मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने ही पानं म्हणजे प्राचीन इजिप्तची विद्या असल्याचं छापून टाकलं. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे त्याला खोडून काढणारंही कुणी नव्हतं.

"हा तिसरा गोड दिसतोय," आत्या म्हणाली.

"नवा आहे. यात मृत्यूचं पानच नाही. त्याला 'बदल' म्हटलंय आणि फुलपाखरू काढलंय."

"मग घे की."

"तीच तर अडचण आहे. आवडला तो हाच. पण आवडीचा घेतला तर मला जे ऐकायचंय तेच तो ऐकवणार. नावडता घेतला तर डबीतून बाहेरच निघणार नाही."

आत्या आमसुलं उन्हात पसरत होती. हात न थांबवता म्हणाली, "पोपटवाल्याभोवती गर्दी जमते ना, तेव्हा सगळे पोपटाकडे बघतात. कुठलं पाकीट काढतोय याच्याकडे. पाकिटं भरली कुणी, हे कुणी विचारत नाही. तुझी कुणी भरलीत?"

मी पहिला कॅट दाखवला. लंडन, 1909. कल्पना ए. ई. वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ हिची, प्रकाशक रायडर. नाव पडलं रायडर-वेट.

"सांगणाऱ्याचं नाव आलं, छापणाऱ्याचंही आलं. काढणारीचं कुठाय?"

"अलीकडे जोडतात. ती 1951 मध्ये कॉर्नवॉलमध्ये गेली. हलाखीतच."

"सही केली असेल."

चित्र मोठं करून पाहिलं. कोपऱ्यात एकमेकांत गुंफलेली अक्षरं होती. आत्याने मान डोलावली. हे तिला पुरेसं वाटलं असावं. पान होतं पेल्यांच्या पंजाचं. काळ्या झग्यातला एक माणूस मान खाली घालून उभा. पुढ्यात तीन पेले सांडलेले, पाठीमागे दोन तसेच उभे.

"आणि हेच दुसऱ्या कॅटमध्ये?"

मार्सेयचा जुना कॅट उघडला. तिथे नुसते पाच पेले आणि थोडी वेलबुट्टी.

"आपल्या गंजिफासारखं," ती खुलली. "दशावतारीत 120 पानं. मत्स्याच्या पंजावर पाच मासे. मासे दुःखी आहेत का, असं कुणी विचारलं नाही. हाच घे मग. यात कुणी काही भरलेलं नाही."

"म्हणजे भरणार मीच. स्वतः भरलेलं पाकीट स्वतःच उघडून चकित व्हायचं?"

"हं." आमसुलं थांबली. "खरंय. पोरांना कोरा कागद दिला की मोकळीक मिळेल असं मलाही वाटायचं. पस्तीस वर्षं तेच बघितलं. दोन डोंगर, मधे सूर्य, नदी, झोपडी. ज्यांनी नदी कधी पाहिली नाही तीही काढायची."

"पण पामेलाचं पान निघालं की तिचा माणूस आधीच रडत असणार. माझ्याकडे नसलेलं दुःखही तो मला देईल."

"देऊ दे. मी असा रडत नाहीये, असं त्याला सांगता तरी येईल. नुसत्या पेल्यांशी काय भांडणार? आणि फुलपाखराशी तर भांडताच येत नाही." मग एकदम, "पण तुला विचारायचंय तरी काय?"

"ते नाही सांगणार."

तिने ताणलं नाही. मी तिसरा कॅट यादीतून काढला. उरलेल्या दोघांवर बोट जात-येत राहिलं. पहिला कॅट स्वतः घ्यायचा नसतो, कुणीतरी भेट द्यावा लागतो असा एक समज आहे, तोही मी हळूच सांगून टाकला.

"म्हणजे पैसे माझे," आत्या म्हणाली. "नव्या अंधश्रद्धा महाग असतात."

ऊन कललं तशी ती ताट आत घेऊन गेली. आतोबा गेल्यापासून ती संध्याकाळी पडवीत फारशी बसत नाही. पाच मिनिटांनी चष्मा पुसत परत आली आणि माझ्या शेजारी टेकली.

"ते पहिल्या कॅटचं पान परत दाखव. त्याच्या मागे पूल काढलाय ना तिने?"