दहा नंबर कुणाचा?

३१ ऑगस्ट २०१७. कोलंबोत श्रीलंकेविरुद्ध शार्दूल ठाकूर भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळायला उतरला. पंचवीस वर्षांचा पोरगा. पालघरहून मुंबईपर्यंत ट्रेनचे धक्के खात क्रिकेट शिकलेला. त्यानं चेंडू कसा टाकला, विकेट कशी काढली, यावर बोलणं व्हायला हवं होतं. पण लोकांना दिसली ती फक्त त्याची पाठ. पाठीवर १० होता.

१० म्हणजे सचिन. मग काय, सोशल मीडियावर पोरावर सगळे तुटून पडले. याची लायकी काय, हा नंबर याला दिला कुणी, काढ तो आधी. ठाकूरचा हिशोब साधा होता. जन्मतारीख १६-१०-१९९१. सगळे आकडे मिळवले की २८, आणि २ न् ८ दहा. अंकशास्त्रावर विश्वास ठेवायचा की नाही हे सोडा, पण सचिनच्या गादीवर बसायचा त्याचा इरादा नव्हता एवढं त्यातून कळतं. नंतर तो ५४ नंबर घालून खेळू लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस बातम्या आल्या की क्रिकेट बोर्डानं १० नंबर अनौपचारिकपणे बाजूला ठेवला आहे. २०२३च्या डिसेंबरात धोनीच्या ७ बद्दलही तशाच बातम्या आल्या.

यात एक गंमत आहे. खुद्द सचिनच्या पाठीवरही कायम १० नव्हता. कधी ९९ होता, कधी ३३ होता. १० त्याच्या अंगाला चिकटला तो त्याच्या बॅटीमुळे. म्हणजे आकड्यानं सचिनला मोठं केलं नाही, सचिननं आकड्याला मोठं केलं. मग तो आकडा आता कुणाचा? ज्यानं मोठा केला त्याचा, ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांचा, की आज मैदानात उतरणाऱ्या नव्या पोराचा?

प्रश्न जर्सीचा वाटतो, पण तो तेवढाच नाही. आपण ज्याला मोठं मानतो त्याचा मान कसा राखायचा, आणि तो राखताना नव्या माणसाला किती जागा ठेवायची, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

अर्जेंटिनाचं ऐकलं असतं तर

फुटबॉलचा विश्वचषक आला की कोल्हापुरात काय होतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. पेठापेठांत कटआउट उभे राहतात, गल्ल्या ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटल्या जातात, आणि निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर मेस्सीचा १० दिमाखात झळकतो. हा १० आपल्याला दिसला कसा, याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

मॅराडोनाच्या सन्मानासाठी अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघटनेनं आपला १० नंबर कायमचा बंद करायचं ठरवलं होतं. २००२च्या विश्वचषकासाठी तो क्रमांक गाळून यादी दिली गेली. फिफानं नियमावर बोट ठेवलं: क्रमांक सलगच हवेत, मधला गाळता येणार नाही. शेवटी तो १० एरियल ऑर्तेगानं घातला. त्यावेळी मेस्सी पंधराचाही नव्हता. मॅराडोनाप्रेमींची इच्छा पुरी झाली असती, तर मेस्सीनं देशासाठी १० कधीच घातला नसता. २०२२ साली कतारमध्ये विश्वचषक उंचावणाऱ्या माणसाच्या पाठीवर दुसराच कुठला तरी आकडा दिसला असता.

आता सांगा, मेस्सीनं १० घातल्यामुळे मॅराडोना लहान झाला का? उलट मेस्सीचा १० दिसला की लोक मॅराडोनाचं नाव काढतात. नेपोलीनं २००० साली मॅराडोनाचा १० बंद केला, तेही प्रेमापोटीच. पण तिथं तो आकडा भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोसारखा आहे. अर्जेंटिनात तो अजून धावतो.

आणि हा १० मुळात पवित्र झाला कशामुळे? १९५८ साली ब्राझीलनं खेळाडूंचे क्रमांक न ठरवताच यादी पाठवली. दुसऱ्याच कुणीतरी ते वाटून टाकले. इतके आंधळेपणानं, की गोलकीपर जिल्मारच्या वाट्याला ३ नंबर आला. त्या वाटणीत सतरा वर्षांच्या एका पोराला १० मिळाला. तो पेले. तेव्हा कुणी विचारलं नाही की याची लायकी काय.

आकडा, बोटं आणि कुलूप

बास्केटबॉलमध्ये तर आकड्यांचं मूळ अजूनच साधं आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत कित्येक वर्षं खेळाडूंना ४ ते १५ हेच क्रमांक असत. पंच बोटांनी खुणा करतो आणि एक, दोन, तीन बोटांना त्याच्याकडे दुसरे अर्थ आहेत, म्हणून सुरुवात चारपासून. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये २०२३पर्यंत ५च्या वरचा अंकच चालत नसे. कारण पुन्हा तेच, एका हाताला बोटं पाचच. म्हणजे आकडा आला पंचाच्या सोयीसाठी. त्यात देव आपण बसवला.

त्याच देशात नंबर 'रिटायर' करण्याची प्रथा फोफावली. शिकागोनं मायकेल जॉर्डनचा २३ सन्मानानं वर टांगला. १९९५ साली जॉर्डन परत खेळायला आला तेव्हा त्यानं ४५ घेतला. पुढे प्लेऑफमध्ये हरल्यावर त्यानं तो काढला आणि पुन्हा २३ चढवला, त्याबद्दल संघाला दंडही झाला. कुलूप एवढं पक्कं की खुद्द मालकाला घरात शिरायला दंड भरावा लागला!

पण सगळीच कुलपं हास्यास्पद नसतात. जॅकी रॉबिन्सन १९४७ साली अमेरिकेच्या आधुनिक मेजर लीग बेसबॉलमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. पन्नास वर्षांनी त्याचा ४२ सगळ्याच संघांनी मिळून बंद केला. ऑस्ट्रेलियाचा फिल ह्यूज २०१४ साली डोक्याजवळ चेंडू लागून गेला, तेव्हा त्याचा ६४ नंबर त्यांच्या एकदिवसीय संघानं बाजूला ठेवला. त्याला नावं ठेवायची कुणाची छाती होईल? ते दुःख आहे. घरातलं माणूस गेलं की काही दिवस त्याच्या खुर्चीवर कुणी बसत नाही, तसं.

तरी रॉबिन्सनच्या ४२चं पुढे काय झालं पाहा. दरवर्षी १५ एप्रिलला सगळ्या संघांतले सगळे खेळाडू ४२ घालून उतरतात. जो आकडा सगळ्यांसाठी बंद, तोच त्या दिवशी सगळ्यांच्या पाठीवर. नुसतं कुलूप लावून आठवण राहत नाही, ती कुणाच्या तरी अंगावर चढावी लागते, हे त्यांनाही उमगलं असावं.

आपल्याकडची रीत

आपल्या मातीतलं उत्तर वेगळं आहे, आणि मला ते जास्त शहाणं वाटतं.

कुस्तीत पाठीवर नंबर नसतो. पण किताब असतो. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले. १९६० साली गणपतराव आंदळकर झाले. १९६४ साली मारुती माने. आंदळकरांना गदा मिळाली म्हणून खंचनाळेंचा अपमान झाला, असं कोल्हापुरात कुणी म्हणालं नाही. पहिल्या हिंदकेसरीनंतर तो किताबच बंद करून टाकला असता तर? मग खासबागेच्या मातीत घाम गाळणाऱ्या पोरानं पोटात काय स्वप्न घेऊन जोर मारले असते? इथल्या फुटबॉल संघांचंही तसंच. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही सगळी तालमींची नावं. पोरं बदलतात, नाव चालत राहतं.

आणि घरातलं बघा. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली जुनी पद्धत. आजोबांचा मान म्हणून ते नाव बंद करत नाहीत, उलट पाळण्यातल्या पोराच्या कानात सांगतात. पण यात एक अडचण यायची. सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, अशी तेव्हाची रीत. मग आई पोराला हाक काय मारणार? म्हणून कुणी बाळ झाला, कुणी बंडू, कुणी आप्पा. रीत सुनेवर अन्यायाचीच होती. पण तिच्यातून नकळत एक छान गोष्ट घडली. पोराला वारसा मिळाला आजोबांचा आणि हाक मिळाली स्वतःची.

नव्या खेळाडूच्या बाबतीत नेमकं हेच हवं. आकडा वारशाचा चालेल. हाक मात्र त्याची स्वतःची हवी.

आपण याच्या उलट करतो. आकडा द्यायला नाही म्हणतो, आणि हाक मात्र दुसऱ्याची मारतो. पोरगा दोन सामने बरा खेळला की 'पुढचा सचिन'. एकानं डाव्या पायानं बरा गोल मारला की 'आपल्या गल्लीचा मेस्सी'. ऐकायला कौतुक वाटतं. पण ते उसनं नाव असतं, आणि उसन्याची वसुली त्या पोराकडून होते. पुढच्या मोसमात तो चुकला की तेच नाव टोमणा होऊन परत येतं. नाव देणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही.

याबाबत कोल्हापूरकरांना लांब जायची गरज नाही. कागलच्या घाटग्यांचा नऊ वर्षांचा यशवंत १८८४ साली दत्तक आला आणि त्याचं नाव ठेवलं शाहू. संभाजी महाराजांच्या पुत्राचं, साताऱ्याच्या छत्रपतींचं नाव. केवढं जड ओझं! पण आज कोल्हापुरात 'शाहू महाराज' म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? १९०२ साली पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारा राजा. खासबागेचं मैदान बांधणारा राजा. जुनं नाव त्यांनी आपल्या कामानं भरलं. आणि 'राजर्षी' ही पदवी? ती गादीवर बसताना मिळाली नव्हती. १९१९ साली कानपूरच्या कुर्मी क्षत्रिय परिषदेत मिळाली, म्हणजे काम करून झाल्यावर. वारशाचं नाव आधी आलं, कमावलेलं नंतर.

लॉर्ड

पुन्हा ठाकूरकडे येऊ. १० नंबर गेला. २०१८ साली कसोटी पदार्पण झालं, तर दहा चेंडू टाकून दुखापतीनं मैदान सोडावं लागलं. दरम्यान मीमवाल्यांनी त्याला नाव दिलं, 'लॉर्ड'. त्यात आदर कमी आणि थट्टाच जास्त.

मग आला जानेवारी २०२१. ब्रिस्बेन. निम्मा संघ जखमी. ठाकूर दुसरीच कसोटी खेळत होता. वॉशिंग्टन सुंदरबरोबर त्यानं १२३ धावा जोडल्या, स्वतः ६७ केल्या, सामन्यात सात बळी घेतले. भारतानं मालिका जिंकली. त्याच वर्षी ओव्हलवर दोन्ही डावांत अर्धशतकं. पुढच्या जानेवारीत जोहान्सबर्गला ६१ धावांत ७ बळी. 'लॉर्ड' तेच राहिलं, पण म्हणणाऱ्यांचा सूर बदलला. थट्टेचं नाव त्यानं कामानं सोडवून घेतलं, गहाण पडलेलं शेत सोडवावं तसं. आणि ५४ कुणाचा, हे आता विचारावं लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, म्हणजे ट्रोलिंगनं त्याचं भलंच झालं की! हा युक्तिवाद धोक्याचा आहे. जो तरला त्याची गोष्ट आपण सांगतो. पहिल्याच दिवशी अशा माऱ्यानं जो खचला, त्याचं नाव आपल्याला माहीतही नसतं.

नव्या माणसाशी कसं वागावं याचा धडा कोल्हापुरातच आहे. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असं सांगितलं जातं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या लहानखुऱ्या मल्लाला लोक 'पॉकेट डायनामो' म्हणत. नाव झकास आहे. पण नावाला पैसा पडत नाही. घर गहाण टाकायला पडतो. खर्डेकरांनी पदक मिळायच्या आधी विश्वास टाकला, तोही स्वतःच्या खिशातून.

प्रेक्षक म्हणून आपल्याला घर गहाण टाकायचं नाही. आपल्याकडे मागणं फारच थोडं आहे. पोरगा पहिल्यांदा मैदानात उतरला की त्याच्या पाठीवरचा आकडा वाचून निकाल देऊ नये. त्याला दुसऱ्याच्या नावानं हाक मारू नये. दहा-वीस सामने त्याला नुसता खेळताना पाहावं.

कोल्हापुरात जन्मलेले भाऊसाहेब निंबाळकर १९४८ साली पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा करून उभे होते. ब्रॅडमनचा ४५२चा विक्रम नऊ धावांवर होता, तेवढ्यात प्रतिस्पर्ध्यांनी सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना कधी कसोटी खेळायला मिळाली नाही. त्यांच्या पाठीवर कुठलाच आकडा नव्हता, त्या काळी तशी पद्धतच नव्हती. तरी जाणकारापुढे ४४३ म्हटलं की तो निंबाळकर म्हणतो. माणसाचा खरा नंबर असाच ठरतो, आणि तो छापून आधी कुणालाच देता येत नाही.